चाके धुण्याचा ब्रश कसा निवडावा : मराठवाड्यातील गाडीधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकांसाठी वेगळा ब्रश घ्यायलाच हवा का? बॉडीला वापरतो तोच स्पंज चालणार नाही का?

चालणार नाही, आणि त्याचे कारण चाकावर साचणाऱ्या मळात आहे. बॉनेटवर किंवा टपावर बहुतांशी साधी धूळ बसते. चाकावर मात्र धुळीबरोबर ब्रेक पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून सुटलेले लोखंडाचे बारीक कण बसतात. हे कण तापलेल्या अवस्थेत रिमच्या रंगाला चिकटतात आणि ओल मिळाली की जागच्या जागी गंजू लागतात. चंदेरी रिमवर दिसणारे तपकिरी ठिपके बहुतेक वेळा रिमचा गंज नसून या कणांचा असतो. असा स्पंज पुन्हा दारावर फिरवला, तर त्यात अडकलेले कण रंगावर गोल गोल ओरखडे उठवतात. शिवाय रिमचे आरे, नटांच्या खोबणी आणि आतली गोलाई या जागी स्पंज पोहोचतच नाही.

पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त काळी का होतात?

ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. त्यातच आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रममधले लायनर झिजले तरी त्याची भुकटी बरीचशी आतच राहते. म्हणून वेळ कमी असेल तर निदान पुढच्या दोन रिमची आतली बाजू नीट धुवावी. विजेवरच्या गाड्यांमध्ये वेग कमी करण्याचे काही काम मोटर करत असल्याने ही काजळी कमी दिसते. चिखल मात्र त्यांनाही चुकत नाही.

एकूण किती ब्रश घ्यावेत?

दोन पुरेसे आहेत: रिमसाठी मऊ आणि टायरसाठी कडक. अलॉयचे (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमचे) आरे दाट असतील किंवा नट खोल खोबणीत असतील, तर बोटाएवढ्या जाडीचा एक छोटा ब्रश सोबत असावा. पाच-सहा ब्रशांचे संच आकर्षक दिसतात, पण त्यांतले निम्मे ब्रश गाडीच्या आतल्या एसीच्या जाळीसाठी असतात आणि चाकाला त्यांचा काही उपयोग नसतो. तेवढ्याच पैशांत रिमचा एकच चांगला ब्रश घ्यावा, असे आमचे मत आहे.

आमचा रोजचा रस्ता काळ्या रानातल्या पाणंदीतून जातो. चिखल ब्रशनेही निघत नाही. आणखी कडक ब्रश घ्यावा का?

घेऊ नये. मराठवाड्यातून सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

काळी माती ही बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली, चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेली माती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून दगडासारखी घट्ट होते; उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच. रिमच्या आत बसलेला चिखलही तसाच वागतो. तो सुकल्यावर कडक ब्रशने खरवडला तर वरचा थर निघतो, पण त्यात मिसळलेला मुरूम आणि खडीचा चुरा ब्रशच्या जोराने रिमच्या वार्निशवर घासला जातो. माती स्वतः मऊ आहे. ओरखडे काढतो तो हा चुरा. ब्रश जितका कडक, तितका चुऱ्यावरचा दाब अधिक.

त्यामुळे अशा चिखलाला जोर नव्हे, वेळ द्यावा लागतो. चाकावर पाणी टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, ऊन असेल तर रिमवर ओले पोते टाकून ठेवावे आणि फुगलेला चिखल पाण्याच्या धारेने किंवा लाकडाच्या चपट्या काडीने आधी पाडून घ्यावा. लोखंडी उलथणे किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. ढेकळे पडून गेल्यावरच ब्रश हातात घ्यावा. या क्रमाने गेल्यास मऊ ब्रशही सहज पुरतो.

ब्रशाची जात निवडतानाही माती लक्षात घ्यावी लागते. लोकरीसारख्या दाट मायक्रोफायबरचे ब्रश शहरातल्या डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीसाठी उत्तम आहेत, कारण ते ब्रेकची काजळी अलगद उचलतात. पण चिकणमाती त्यांच्या तंतूंत जाऊन बसते आणि बादलीत कितीही खळबळले तरी पूर्ण निघत नाही. पुढच्या चाकाला आपण तीच माती, तोच चुरा घेऊन घासत राहतो. खेडोपाडी फिरणाऱ्याने म्हणूनच सुटे, लांब केस असलेला ब्रश घ्यावा; तो एकदा आपटला की बराचसा मोकळा होतो.

या चिखलाचा आणखी एक परिणाम अनेकांच्या ध्यानात येत नाही. शेतातून आलेली गाडी हमरस्त्याला लागून ताशी सत्तर-ऐंशीचा वेग धरते तेव्हा स्टिअरिंग थरथरू लागते आणि मालक बॅलन्सिंगसाठी टायरच्या दुकानात जातो. रिमच्या आतल्या गोलाईत एका बाजूला किलो-अर्धा किलो चिखल सुकून बसला असेल, तर चाकाचा तोल त्यानेच जातो. खर्च करण्याआधी आतली बाजू धुऊन पाहावी. मात्र अलॉय रिमच्या आत चिकटवलेल्या शिशाच्या किंवा लोखंडाच्या चपट्या वजनपट्ट्या असतात, त्या ब्रशने ओढल्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. त्यांतली एखादी सुटली तर बॅलन्सिंग खरोखरच करावे लागेल.

ब्रशचे केस नायलॉनचे चांगले, प्लास्टिकचे चांगले की जनावराचे?

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. स्वस्त ब्रशांत बहुधा पॉलिप्रॉपिलीन असते. ते पाणी शोषत नाही, रसायनांना दाद देत नाही, पण त्याची टोके कापलेली आणि टोकदार असतील तर चकचकीत रिमवर बारीक रेघा उमटतात. नायलॉन थोडे पाणी शोषून ओले झाल्यावर जरा मऊ पडते आणि वाकून पुन्हा सरळ होण्याचा त्याचा गुण चांगला असतो. मात्र तीव्र आम्लाने ते खराब होते. जनावराच्या केसांचे ब्रश, विशेषतः रानडुकराच्या किंवा डुकराच्या केसांचे, साबणाचे पाणी छान धरून ठेवतात आणि भिजल्यावर बरेच मऊ होतात. नट आणि बोधचिन्हाभोवतीच्या फटींसाठी ते उत्कृष्ट आहेत, पण तीव्र क्षार आणि आम्ल या दोन्हींनी ते लवकर झडतात. काही घरांत असे केस वापरणे पसंत नसते. त्यांनी मऊ टोकांचा कृत्रिम ब्रश घ्यावा, कामात फारसा फरक पडत नाही.

कशाचे केस आहेत यापेक्षा टोक कसे आहे हे अधिक महत्त्वाचे आहे. चांगल्या ब्रशाच्या केसांची टोके फाकवलेली असतात. एकेका केसाच्या टोकाला चार-पाच बारीक तंतू फुटलेले दिसतात. अशा टोकांत फेस टिकतो आणि दाब विभागला जातो. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, टोक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ब्रश घेऊ नये.

दुकानात ब्रश तपासायचा कसा?

केस हाताच्या पालथ्या बाजूवर टेकवून थोडे दाबून ओढावेत. टोचत असतील तर तो ब्रश टायरसाठी ठेवावा. मग दोन-चार केस ओढून पाहावेत. सहज सुटून येत असतील तर पहिल्याच धुण्यात ते नटांच्या फटीत अडकून राहतील. त्यानंतर दांड्याकडे पाहावे. रिमच्या आत घालायचे लांब ब्रश पुष्कळदा पिळलेल्या तारेवर गुंफलेले असतात. त्या तारेचे टोक रबराने किंवा प्लास्टिकच्या टोपीने झाकलेले आहे का, आणि केस बाजूला सारल्यावर तार उघडी दिसते का, हे पाहावे. आत-बाहेर करताना ही तार आऱ्याच्या कडेवर घासली की रंग निघतोच. म्हणून दांडा पूर्ण प्लास्टिकचा असलेला ब्रश, महाग असला तरी, जास्त भरवशाचा.

घरी आणल्यावर आणखी एक परीक्षा करता येते. जुनी, टाकाऊ सीडी घ्यावी, तिची चकाकणारी बाजू ओली करावी आणि साबण लावलेला ब्रश तिच्यावर मध्यम जोराने आठ-दहा वेळा फिरवावा. सीडी पुसून उन्हात तिरपी धरली की नव्या रेघा लगेच दिसतात. सीडीवर रेघा उठवणारा ब्रश डायमंड कट, म्हणजे कातून चकाकी आणलेल्या, रिमच्या जवळही नेऊ नये.

ब्रश किती जाडीचा घ्यावा? आमच्या रिममध्ये तो जातच नाही.

आधी मोजावे, मग घ्यावे. दोन मापे लागतात: दोन आऱ्यांमधली सर्वात अरुंद फट, आणि ब्रेकचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) व रिमची आतली गोलाई यांच्यातले अंतर. दुसरे माप लोक विसरतात. गाडी थंड असताना पुठ्ठ्याची पट्टी त्या जागेत सरकवून पाहिली की अंदाज येतो. लहान गाड्यांच्या तेरा-चौदा इंची रिममध्ये ही जागा फार कमी असते, त्यामुळे जाडजूड गोल ब्रश कॅलिपरपाशी अडकतो. तिथे चपटा किंवा दाबला जाणारा ब्रश घ्यावा. सोळा-सतरा इंची अलॉय असलेल्या गाड्यांना जाड ब्रश सहज चालतो. लांबी मात्र रिमच्या पूर्ण रुंदीला पुरून मूठ बाहेर राहील एवढी हवी, नाहीतर बोटांची सालटी निघतात.

माझ्या गाडीला साधी लोखंडी चाके आणि वर प्लास्टिकची व्हील कॅप आहे. मला हे सगळे लागू आहे का?

थोडेच. व्हील कॅपवर चंदेरी रंगाचा पातळ थर असतो आणि तो कडक ब्रशने लवकर उडतो, म्हणून ती मऊ ब्रशने किंवा कापडाने धुवावी. वर्षातून दोन-तीनदा, विशेषतः पावसाळा संपल्यावर, कॅप काढून मागचा चिखल धुवावा, कारण लोखंडी रिमला गंज चढतो तो याच ओलीने. रिमवरचा गंज तारेच्या ब्रशने घासायला हरकत नाही, पण त्यानंतर तिथे रंग लावणे आले.

अलॉयच्या बाबतीत मात्र तारेचा ब्रश, तारेची घासणी आणि भांड्याची हिरवी खरखरीत घासणी या तिन्ही वर्ज्य आहेत. अलॉयवर रंग आणि त्यावर पारदर्शक वार्निश असते. आपण धुतो ते वार्निश, धातू नव्हे. ते फुटले की ॲल्युमिनियमला हवा-पाणी लागते आणि वार्निशखाली पांढरट जाळी पसरू लागते. डायमंड कट रिममध्ये हे सर्वात लवकर दिसते, कारण तिथे कातलेल्या उघड्या धातूवर फक्त वार्निशचाच थर असतो, खाली रंग नसतो.

जुना टूथब्रश, बाटली धुण्याचा ब्रश किंवा रंगाचा ब्रश चालेल का?

मऊ टूथब्रश नटांसाठी चालेल. बाटलीचा ब्रश उघड्या तारेचा असतो, तो नको. रंगाचा ब्रश, दोन-अडीच इंची, नैसर्गिक किंवा मऊ केसांचा, हा मात्र आमच्या मते स्वस्तातला सर्वात चांगला पर्याय आहे. फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टीचे दोन-तीन फेरे गुंडाळावेत, म्हणजे पत्रा रिमला लागणार नाही. कपडे धुण्याचा ब्रश टायरला उत्तम आणि रिमला घातक. काथ्याचाही तसाच हिशेब.

टायरसाठी कडकच ब्रश का? आणि आधी काय धुवावे, टायर की रिम?

टायरच्या रबरात हवेतल्या ओझोनपासून बचाव करणारी रसायने मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि टायरची बाजू तपकिरी दिसू लागते. हा थर, जुन्या टायर पॉलिशचे अवशेष आणि माती मऊ ब्रशने निघत नाहीत. कडक नायलॉनच्या ब्रशने फेस पांढरा येईपर्यंत घासावे. फेस तपकिरी येतो आहे तोवर टायर स्वच्छ झालेला नाही. हे तपकिरी पाणी रिमवर उडते, म्हणून टायर आधी आणि रिम नंतर, हा क्रम आम्हाला सोयीचा वाटतो. चकाकी आणणारे पॉलिश टायरच्या बाजूलाच लावावे. जमिनीला टेकणाऱ्या भागावर किंवा डिस्कवर ते गेले तर पकड आणि ब्रेक दोन्ही धोक्यात येतात.

उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घेतो. चाके धुवायची चैन परवडते का?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्या भागात राहणाऱ्या माणसाला पाइप सोडून गाडी धुण्याचा सल्ला कोणी देऊ नये. चांगला ब्रश पाणी वाचवतो. एक बादली साबणाची, एक बादली साध्या पाण्याची आणि एक मग, एवढ्यावर चार चाके नीट होतात. ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासावे, साध्या पाण्यात खळबळून घ्यावा, मग पुन्हा साबणात बुडवावा. एका वेळी एकच चाक घ्यावे, म्हणजे साबण वाळत नाही. दुपारच्या उन्हात किंवा प्रवासाहून आल्याआल्या चाके धुऊ नयेत. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती वाकडी होण्याचा धोका असतो.

घरच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी अनेक जण गाडीसाठी साठवतात. चिखल भिजवायला आणि टायर घासायला ते अगदी योग्य आहे. पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात, म्हणून शेवटचा हात त्या पाण्याचा नसावा. रिमवर पांढरे डाग राहतात. बोअरच्या जड पाण्याचेही तेच. अशा पाण्याने धुतलेले चाक वाळू न देता लगेच कोरड्या कापडाने पुसावे. जुने डाग पडले असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मे पाणी मिसळून ते मऊ ब्रशने लावावे आणि एखाद-दोन मिनिटांत धुऊन टाकावे.

ब्रशबरोबर कोणते रसायन वापरावे? संडास साफ करण्याच्या ॲसिडने रिम झटपट चमकते असे सांगतात.

चमकते ती वार्निश खाल्ले गेल्यामुळे. त्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ॲल्युमिनियम, नट आणि डिस्क सगळ्यांना खाते. कॉस्टिक सोडाही तितकाच वाईट, ॲल्युमिनियमशी त्याची जोरदार प्रक्रिया होते. दर आठवड्याला धुणाऱ्याला गाडीचा साधा शाम्पू पुरतो. चिवट तपकिरी ठिपक्यांसाठी लोखंडाचे कण विरघळवणारे द्रव मिळते, जे लोखंडाला लागले की जांभळे होते. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो सहन करावा लागतो. हातमोजे घालावेत, द्रव वाळू देऊ नये आणि त्यासाठी वापरलेला ब्रश लगेच भरपूर पाण्याने धुवावा. साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या गाड्यांमागून फिरताना सांडलेली मळी लागली तर ती कोमट पाण्याने भिजवूनच निघते. डांबराचे ठिपके असतील तर कापडावर थोडे रॉकेल घेऊन तेवढाच ठिपका पुसावा, टायरला लागू देऊ नये आणि लगेच साबणाने धुवावे.

एक सूचना सर्वांसाठी: कोरड्या चाकावर ब्रश फिरवू नये आणि हवेच्या प्रेशरने धूळ उडवू नये. ब्रेकची धूळ छातीत जाण्यासारखी वस्तू नाही.

वॉशिंग सेंटरवर एकाच ब्रशने सगळ्या गाड्या घासतात. काय करावे?

आपला ब्रश सोबत न्यावा आणि नम्रपणे सांगावे. बहुतेक ठिकाणी पोरे ऐकतात, वर दहा-वीस रुपये दिले तर मन लावून घासतात. आधीच्या गाडीच्या टायरखालची वाळू त्या सामाईक ब्रशात असतेच. ते जमत नसेल तर फक्त प्रेशरचे पाणी मारून घ्यावे आणि ब्रशचे काम घरी करावे. प्रेशरची नळी टायरच्या बाजूला अगदी जवळ धरू देऊ नये.

दसऱ्याला चाकांना लावलेले हळद-कुंकू निघत नाही.

साबण लागला की हळद लाल पडते, त्यामुळे डाग वाढला असे वाटते; तसे नसते. आधी नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने सुटी पूड काढावी, मग शाम्पू लावावा. उरलेली पिवळी छटा उन्हाने आपोआप उडते. कुंकू जास्त चिवट असते, ते त्याच दिवशी संध्याकाळी धुतलेले बरे. नारळाचे पाणी सांडले असेल तर तेही धुवावे, नाहीतर चिकटपणावर धूळ धरते.

धुतल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्कवर गंज दिसतो. ब्रशने काढावा का?

गरज नाही. डिस्कचे लोखंड उघडे असते आणि ओल लागली की त्यावर पातळ तांबूस थर येतो. चार-दोन वेळा ब्रेक दाबले की तो जातो. चाके धुतल्यावर गाडी थोडी फिरवून, हलके ब्रेक मारून वाळवावी आणि मगच हँडब्रेक लावून उभी करावी. ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी दोन-चार दिवस ठेवली तर लायनर चिकटून बसतात.

ब्रश किती दिवस टिकतो आणि कसा ठेवावा?

वापर झाल्यावर साध्या पाण्यात खळबळून, दांडा हातावर आपटून, केस खाली येतील असा सावलीत टांगावा. प्लास्टिकचे केस उन्हात ठिसूळ होतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात छतावर राहिलेला ब्रश हंगामभरही टिकत नाही. तो डिकीत ओला ठेवला तर कुबट वास येतो. केस एका बाजूला लोळले, टोके बोथट झाली किंवा आतला दांडा दिसू लागला की तो ब्रश रिमवरून काढून टायरला द्यावा. टायरलाही निकामी झाला की ट्रॅक्टरच्या चाकांना द्यावा. तिथे तो आणखी वर्षभर चालतो.